एपी इंग्लिश लिटरेचरसाठी शिक्षक शोधताना: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबातले मूल बारावीत जाते, शाळेतल्या समुपदेशकाच्या सल्ल्याने एपी इंग्लिश लिटरेचर हा विषय घेते, आणि सप्टेंबर संपता संपता पहिला निबंध तपासून परत येतो तेव्हा त्यावर सहापैकी दोन गुण असतात. गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा पेपर असता तर आई-वडिलांपैकी कोणीतरी शेजारी बसून कुठे चुकले ते दाखवले असते. इंग्रजी कवितेवर चाळीस मिनिटांत लिहिलेल्या निबंधाला दोनच गुण का पडले, हे मात्र भल्याभल्या शिकलेल्या पालकांनाही सांगता येत नाही. मग शिकवणीचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो: फी किती, पदवी कोणत्या विद्यापीठाची, किती विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. माझे ठाम मत असे आहे की या विषयाच्या शिक्षकाची पारख मुख्यतः एकाच गोष्टीवरून करावी, ती म्हणजे तो मुलाने लिहिलेल्या कागदावर काय शेरे लिहितो. बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या असल्या तरी त्यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

पहिले पाऊल: परीक्षा नेमकी कोणती ते समजून घेणे

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था हा कार्यक्रम चालवते. मुलांनी शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यासक्रम करायचा, मे महिन्याच्या पूर्वार्धात परीक्षा द्यायची आणि 1 ते 5 यांपैकी एक श्रेणी मिळवायची, अशी ही रचना आहे. इंग्रजीच्या मात्र दोन वेगळ्या एपी परीक्षा आहेत. 'लँग्वेज अँड कॉम्पोझिशन' बहुतेक शाळांत अकरावीत असते आणि तिच्यात भाषणे, लेख, पत्रे अशा ललितेतर गद्यातला युक्तिवाद तपासायचा असतो. 'लिटरेचर अँड कॉम्पोझिशन' बहुधा बारावीत असते आणि तिच्यात कविता, कथा, कादंबरी आणि नाटक असते. बोलताना दोन्हींना सरसकट 'एपी इंग्लिश' म्हटले जाते, त्यामुळे एकीत मुरलेला शिक्षक दुसरीसाठी नेमला जाण्याचे प्रकार घडतात. कोणालाही फोन करण्यापूर्वी मुलाच्या वेळापत्रकावरचे विषयाचे पूर्ण नाव पाहून घ्यावे.

लिटरेचरची परीक्षा तीन तासांची असते. पहिल्या तासात 55 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांना 45 टक्के भार असतो. उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नसतो. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात आणि त्यांना 55 टक्के भार असतो. पहिला निबंध दिलेल्या कवितेवर, दुसरा दिलेल्या कथात्म गद्य उताऱ्यावर आणि तिसरा मुलाने स्वतः वाचलेल्या एखाद्या कादंबरीवर किंवा नाटकावर असतो. तिसऱ्या प्रश्नासोबत कलाकृतींची एक लांबलचक यादी दिलेली असते, पण यादीबाहेरची तोलामोलाची कलाकृती निवडायलाही मुभा असते. प्रत्येक निबंध सहा गुणांचा असतो: समर्थनीय मध्यवर्ती विधानासाठी एक, दाखले आणि त्यांवरील विवेचन यांसाठी चार, आणि विचारातली किंवा लेखनातली प्रगल्भता दिसली तर एक. हा शेवटचा गुण मिळवणे अवघड असते. चार गुणांचा मधला टप्पा हाच या परीक्षेचा गाभा आहे, आणि पुढे शिक्षक निवडताना याच टप्प्यावर लक्ष ठेवायचे आहे.

महाराष्ट्र बोर्डात शिकलेल्या पालकांना दहावीच्या मराठीच्या पेपरातले कवितेचे रसग्रहण आठवत असेल. एपीचा कवितेवरचा निबंध त्याच जातीचा आहे, पण दोन फरक मोठे आहेत. आपल्याकडे रसग्रहणाची कविता वर्गात शिकवलेली असायची आणि तिचा आशय, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये यांची तयारी मार्गदर्शक पुस्तकातून करून जाता यायची. इथे कविता आणि गद्य उतारा दोन्ही अपठित असतात, आणि बहुपर्यायी प्रश्नही अपठित उताऱ्यांवरच असतात. दुसरे असे की कॉलेज बोर्ड कोणतीही पाठ्यपुस्तके सक्तीने नेमून देत नाही. कोणत्या कादंबऱ्या आणि कविता शिकवायच्या हे शाळेतले शिक्षक ठरवतात. त्यामुळे 'पोर्शन पूर्ण करून देतो' असे सांगणारा शिक्षक या परीक्षेचे स्वरूप ओळखत नाही, असे खुशाल समजावे.

परीक्षेची नावनोंदणी शाळेतूनच होते. मुलाने शरद ऋतूत माय एपी या संकेतस्थळावर आपल्या वर्गात नाव घालायचे असते, आणि शाळेने प्रश्नपत्रिकांची मागणी नोंदवण्याची अंतिम मुदत नोव्हेंबरच्या मध्यात असते. खासगी शिक्षक हे काम करू शकत नाही. मुलाच्या शाळेत हा विषयच नसेल, तर ही परीक्षा घेणारी जवळपासची शाळा शोधून तिच्या एपी समन्वयकाशी सप्टेंबरातच बोलून ठेवावे.

दुसरे पाऊल: शिकवणी कशासाठी हवी ते ठरवणे

हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मे महिन्यातल्या परीक्षेची श्रेणी जुलैमध्ये कळते. बारावीतल्या मुलांचे महाविद्यालयीन प्रवेश त्याआधी कित्येक महिने ठरलेले असतात. म्हणजे बारावीत दिलेल्या एपी परीक्षेची श्रेणी प्रवेशासाठी उपयोगी पडत नाही. प्रवेश समिती पाहते ती शाळेच्या गुणपत्रकावरची या विषयाची वर्गातली श्रेणी आणि मुलाने अवघड विषय घेतला ही गोष्ट. परीक्षेच्या श्रेणीचा उपयोग पुढे होतो: काही महाविद्यालये 3 वर क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक) देतात, काही 4 किंवा 5 मागतात, काही क्रेडिट न देता फक्त पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गातून सूट देतात, आणि काही ठिकाणी यांपैकी काहीच मिळत नाही. मूल जिथे जाण्याची शक्यता आहे तिथले धोरण कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाच्या नावाने शोधता येते.

यावरून शिकवणीचे उद्दिष्ट ठरते. वर्गातली श्रेणी घसरत असेल तर मदत ऑक्टोबरात हवी, आणि ती शाळेत चाललेल्या कादंबरीशी आणि शाळेच्या शिक्षकांच्या अपेक्षांशी जोडलेली हवी. वर्गात सगळे ठीक आहे, पण मे महिन्यात 4 किंवा 5 हवे आहेत, असे असेल तर जानेवारीपासून आठवड्याला एक तास आणि घरी भरपूर लेखन एवढे पुरे होते. तिसरे एक उद्दिष्ट असते आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते: मुलाला अवघड मजकूर सावकाश वाचता यावा आणि त्याबद्दल स्वतःचे मत मांडता यावे. पुढे मूल अभियंता होवो की वकील, हे कौशल्य त्याच्याकडे राहते. हे उद्दिष्ट असेल तर परीक्षेचे डावपेच शिकवणारा शिक्षक नको, मुलाबरोबर बसून वाचणारा हवा.

तिसरे पाऊल: दुखणे कुठे आहे ते शोधणे

शिक्षक शोधण्यापूर्वी मुलाचे शाळेत तपासलेले दोन-तीन निबंध एकत्र करावेत, त्यांवरच्या शेऱ्यांसह. त्याबरोबर घरी एकदा घड्याळ लावून एक कविता-निबंध लिहून घ्यावा. मागील वर्षांचे निबंधांचे प्रश्न, विद्यार्थ्यांची नमुना उत्तरे, त्यांना मिळालेले गुण आणि ते का मिळाले याचे स्पष्टीकरण कॉलेज बोर्डाने एपी सेंट्रल या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले आहे. पालकांनी एक संध्याकाळ काढून एकाच प्रश्नावरची वरच्या, मधल्या आणि खालच्या गुणांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. साहित्याचे शिक्षण नसलेल्यालाही फरक दिसू लागतो, आणि पुढे शिक्षकाशी बोलताना आपण काय विचारतो आहोत ते आपल्याला कळते.

मुलांच्या अडचणी साधारणपणे ठरावीक असतात. एखाद्याला सतराव्या-अठराव्या शतकातले इंग्रजीच उलगडत नाही आणि लांबलचक वाक्यात कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे हे सापडेपर्यंत वेळ जातो. एखाद्याला कविता कळते, पण मध्यवर्ती विधान करता येत नाही, आणि पहिला परिच्छेद प्रश्नातलेच शब्द फिरवून लिहिलेला असतो. एखादी मुलगी सुंदर लिहिते, पण तिसऱ्या निबंधाला तिच्याकडे बाराच मिनिटे उरतात.

भारतातून अलीकडे आलेल्या मुलांत मला वारंवार दिसणारी अडचण मात्र वेगळी आहे. या मुलांचे इंग्रजी चांगले असते, शुद्धलेखन चोख असते, वाक्यरचना सफाईदार असते. परंतु प्रश्नाला उत्तर म्हणून ती कवितेचा सारांश लिहितात. कडव्यामागून कडवे गद्यात सांगत जातात आणि शेवटी 'अशा प्रकारे कवीने विषय अत्यंत प्रभावीपणे मांडला आहे' असे म्हणून थांबतात. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. त्यांना आजवर असेच उत्तर लिहायला शिकवले गेले आहे आणि त्यालाच गुण मिळाले आहेत. एपीच्या गुणदानात निव्वळ सारांशाला दाखले-विवेचनाच्या चारपैकी फार तर एखादा गुण मिळतो. अशा मुलाला व्याकरणाची शिकवणी लावली तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातात. त्याला हवा असतो 'मग काय?' आणि 'हे तू कशावरून म्हणतोस?' असे सतत विचारणारा माणूस.

चौथे पाऊल: कुठे शोधावे

सुरुवात शाळेपासून करावी. भारतात शिक्षकांना वर्गाबाहेर गाठून शंका विचारणे अनेक मुलांना अवघड वाटते. इथे शाळेआधी किंवा शाळेनंतर विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला वेळ शिक्षकांकडे असतो, आणि त्या वेळेत मूल आपला निबंध घेऊन गेले तर त्यांना ते आवडते. मुलाला दोन-तीन वेळा आवर्जून पाठवावे. कित्येकदा शिकवणीची गरज इथेच संपते. शाळेचे शिक्षक आपल्याच वर्गातल्या मुलाची पैसे घेऊन शिकवणी घेऊ शकत नाहीत, असा नियम अनेक शालेय जिल्ह्यांत आहे, म्हणून तशी विनंती करून त्यांना अडचणीत टाकू नये. त्यांच्याकडे नावे मात्र जरूर मागावीत. शेजारच्या शाळेतले एपी शिक्षक, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, रजेवर असलेले सहकारी, यांची खरी माहिती शाळेच्या इंग्रजी विभागालाच असते.

याखेरीज जवळच्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातले पदव्युत्तर किंवा पीएचडीचे विद्यार्थी असतात. त्यांचे वाचन ताजे असते आणि फी तुलनेने कमी असते, पण शाळकरी मुलाच्या पातळीवर उतरून शिकवणे सगळ्यांना जमत नाही. मोठ्या शिकवणी कंपन्यांकडे शिक्षक लवकर मिळतो, मात्र शिक्षक कोण येणार हे त्या ठरवतात. तेव्हा करार करण्यापूर्वी त्याच शिक्षकाशी बोलायला मिळेल का ते विचारावे. वायझँटसारख्या मंचांवर शिक्षकाची माहिती आणि आधीच्या कुटुंबांचे अभिप्राय वाचून थेट निवड करता येते. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडेही पाहावे. अनेक ग्रंथालये सभासदांना ट्यूटर डॉट कॉम किंवा ब्रेनफ्यूज यांच्यासारखी ऑनलाइन मदत फुकट देतात आणि तिच्यात निबंध तपासून मिळण्याची सोय असते. नियमित शिक्षकाची जागा ती घेणार नाही, पण ज्या कुटुंबाला शिकवणी परवडत नाही त्याने तिचा पुरेपूर लाभ घ्यावा.

मराठी मंडळांचे आणि मराठी शाळांतल्या पालकांचे व्हॉट्सॲप गट हे आपले हक्काचे ठिकाण. तिथे नावे झटपट मिळतात, पण शिफारस बहुधा 'आमच्या मुलाला 5 मिळाले' एवढ्यावरच थांबते. ते मूल आधीपासूनच पट्टीचे वाचणारे असेल तर त्यातून शिक्षकाबद्दल फारसे कळत नाही. शिफारस करणाऱ्याला विनंती करून शिक्षकांनी तपासलेला एखादा जुना निबंध पाहायला मागावा.

पुण्या-मुंबईतल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांकडून ऑनलाइन शिकवणी घेण्याचा पर्यायही काही कुटुंबे निवडतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत उन्हाळी वेळ असताना रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे गेल्यावर तोच पुण्याचा साडेसहाचा तास इकडे रात्री आठला येतो. वेळ ठरवताना हे आधीच बोलून घ्यावे. चांगला वाचक कुठेही असला तरी चांगलाच असतो. अट एवढीच की त्याने एपीचे गुणदानाचे निकष आणि नमुना उत्तरे स्वतः अभ्यासलेली असावीत आणि प्रश्नोत्तरी पाठ करून घेण्याची सवय इकडे आणू नये.

पाचवे पाऊल: पहिले बोलणे

पहिल्या फोनवर किंवा ईमेलमध्ये मुलाची इयत्ता, शाळेत सध्या कोणती पुस्तके चालू आहेत, अडचण काय दिसते आणि उद्दिष्ट काय, हे चार ओळींत सांगावे आणि मग विचारावे. लिटरेचरची परीक्षा आपण शेवटची कोणत्या वर्षी शिकवली? सध्याच्या सहा गुणांच्या पद्धतीने निबंध तपासता का? (पूर्वीची पद्धत नऊ गुणांची होती, आणि अजूनही तिच्याच आठवणीवर काम करणारे शिक्षक आहेत.) 2025 पासून ही परीक्षा ब्लूबुक या ॲपवर संगणकावर द्यावी लागते, मुलांकडून तुम्ही टंकलेखन करून सराव घेता का? शिकवणीच्या एका तासानंतर पुढच्या तासाआधी मुलाने लिहिलेला निबंध तुम्ही वाचता का, आणि तो किती दिवसांत परत देता?

आपण एपीचे परीक्षक म्हणून काम केले आहे का, हा आणखी एक उपयुक्त प्रश्न आहे. दर जूनमध्ये महाविद्यालयीन प्राध्यापक आणि अनुभवी एपी शिक्षक लाखो निबंध तपासतात. त्या कामाचा अनुभव असलेल्या व्यक्तीला कोणत्या वाक्याला गुण मिळतो आणि कोणत्या वाक्यावरून परीक्षकाची नजर पुढे सरकते हे नेमके माहीत असते. असा अनुभव असणे ही जमेची बाजू आहे, पण नसला म्हणून कोणाला नाकारू नये.

'5 ची हमी' देणाऱ्याला मात्र तिथेच नम्रपणे नकार द्यावा. अपठित कवितेवरच्या निबंधाची हमी कोणीच देऊ शकत नाही.

सहावे पाऊल: चाचणीचा तास

हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. दोन किंवा तीन शिक्षक निवडून प्रत्येकाकडे एक तास पैसे देऊन घ्यावा. फुकट चाचणी तासाचा आग्रह धरू नये, कारण ज्याने खरोखर निबंध वाचून यावा अशी आपली अपेक्षा आहे त्याचा वेळ मोलाचा आहे. प्रत्येकाला मुलाचा एकच निबंध दोन दिवस आधी पाठवावा, म्हणजे तुलना करता येते.

उदाहरण घेऊन सांगतो. समजा, कवितेत एक बाई वारलेल्या वडिलांचे सदरे एकेक करून घडी घालते आहे. मुलाने लिहिले आहे: 'कवयित्रीने प्रतिमांचा सुंदर वापर करून वडिलांच्या मृत्यूचे दुःख प्रभावीपणे व्यक्त केले आहे.' एक शिक्षक या वाक्याखाली 'छान, पण अजून खोलात जा' असे लिहितो. मूल मान डोलावते. खोलात म्हणजे कुठे, हे त्याला कळलेले नसते. दुसरा शिक्षक वाक्य खोडून त्या जागी स्वतःचे भारदस्त वाक्य लिहून देतो. कागद देखणा होतो आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. तिसरी शिक्षिका समासात तीन प्रश्न लिहिते: 'प्रतिमा कोणती? घडी घालण्याआधी ती प्रत्येक सदऱ्याच्या गुंड्या का लावते? शेवटच्या कडव्यात एकच सदरा ती खुर्चीवर तसाच का ठेवते?' मग ती गप्प बसते आणि मुलाला विचार करू देते. पाच मिनिटांनी मूल लिहिते: 'सगळे सदरे ती गुंड्या लावून, कडा जुळवून रचते, जणू नीट आवरले की दुःखही आवरेल, पण शेवटचा सदरा तिला घडी घालवत नाही, आणि तिथे तिचा हा प्रयत्न थांबतो.' पहिल्या वाक्याला विवेचनाचा गुण मिळाला नसता. या वाक्याला मिळेल, आणि ते मुलाचे स्वतःचे आहे.

चाचणीच्या तासात पालकांनी शेजारी बसू नये, मूल अवघडते. तासानंतर तीन गोष्टी पाहाव्यात. तासभरात जास्त कोण बोलले? शिक्षक चाळीस मिनिटे उत्तम व्याख्यान देत असेल तर ते ऐकायला छान वाटते, पण परीक्षेत बोलायचे मुलाला आहे. कागदावरचे शेरे मजकुरातल्या विशिष्ट ओळीकडे बोट दाखवतात, की कोणत्याही निबंधावर चालतील असे आहेत? आणि मुलाला त्याच निबंधाचा एक परिच्छेद पुन्हा लिहायला दिला तर तो सुधारतो का? हा पुन्हा लिहिलेला परिच्छेद आपणही वाचावा. साहित्य आपला विषय नसला तरी आधीचा आणि नंतरचा परिच्छेद शेजारी ठेवल्यावर कोणता नेमका आहे हे आपल्याला कळते.

मुलाचे मत शेवटी विचारावे आणि ते गांभीर्याने घ्यावे. साहित्यावर मोकळेपणी बोलण्यासाठी चुकीचे बोलायची भीती जावी लागते, आणि ज्याच्यासमोर ती जात नाही असा शिक्षक कितीही विद्वान असला तरी उपयोगाचा नाही.

सातवे पाऊल: पैसे, नियम आणि सचोटी

ताशी फी गावानुसार आणि अनुभवानुसार फार बदलते. पदव्युत्तर विद्यार्थी 40-50 डॉलरांत शिकवतात, तर महानगरांतले अनुभवी शिक्षक 150 डॉलर किंवा त्याहून अधिकही घेतात. मधल्या काळात निबंध वाचण्याची फी यात धरलेली आहे की वेगळी, हे आधी स्पष्ट करावे, कारण या विषयात शिक्षकाचे अर्धे काम तासाबाहेरच होते. वीस-तीस तासांचे पैसे एकदम भरून मिळणाऱ्या सवलतीच्या मागे लागू नये. चार तासांचे पैसे आगाऊ देऊन पुढचे पुढे पाहावे. तास रद्द करायचा तर किती आधी कळवायचे, हे लिहून घ्यावे. खर्च जड जात असेल तर समान पातळीच्या दोन मुलांनी मिळून शिकावे. या विषयात दोघांत होणारी चर्चा एकट्याच्या शिकवणीपेक्षा अनेकदा फलदायी ठरते.

मूल अल्पवयीन आहे हे विसरू नये. प्रत्यक्ष शिकवणी ग्रंथालयात किंवा घरी कोणीतरी असताना घ्यावी, ऑनलाइन तास घरातल्या मोकळ्या जागेत व्हावा, आणि शिक्षकाचे निरोप पालकांनाही दिसतील अशी व्यवस्था सुरुवातीलाच करावी. चांगले शिक्षक स्वतःच हा विषय काढतात.

सचोटीबद्दल पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. शाळेत श्रेणीसाठी द्यायचा निबंध शिक्षकाने लिहून देणे किंवा वाक्यावाक्याने दुरुस्त करून देणे, आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहवून घेणे, हे दोन्ही इथल्या शाळांत गंभीर गैरवर्तन मानले जाते आणि त्याची नोंद महाविद्यालयापर्यंत जाऊ शकते. शाळेच्या निबंधावर शिक्षकाने प्रश्न विचारावेत, लेखणी मुलाच्याच हातात राहावी. सरावासाठी लिहिलेल्या निबंधांवर मात्र हवे तेवढे मोकळे काम करता येते, म्हणून शिकवणीचा मुख्य भर सरावनिबंधांवर ठेवणे सर्वांनाच सोयीचे जाते.

आठवे पाऊल: वर्षभराची आखणी

पहिले काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवावे. एकच कविता घेऊन तासभर वाचावी: बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे, सूर कुठे बदलतो, तिथेच का बदलतो. ही घाई न करता वाचण्याची सवय लागली की पुढचे सोपे जाते. त्यानंतर परिच्छेद लिहावेत, आणि मग पूर्ण निबंध. चाळीस मिनिटांची मर्यादा हिवाळ्याच्या सुट्टीनंतर आणली तरी उशीर होत नाही. कॉलेज बोर्डाच्या एपी क्लासरूमवर छोटे व्हिडिओ आणि सरावप्रश्न आहेत, आणि शाळेतल्या एपी वर्गात नाव घातलेल्या मुलाला ते त्याच्या कॉलेज बोर्डाच्या खात्यातून मोफत मिळतात. बहुपर्यायी प्रश्नांचा सराव तिथूनच करावा. त्यासाठी शिक्षकाच्या तासाचे पैसे घालवू नयेत. चुकलेला प्रश्न का चुकला एवढेच शिक्षकाशी बोलावे.

तिसऱ्या निबंधाची तयारी मात्र जानेवारीतच सुरू करावी. शाळेत वाचलेल्यांपैकी चार-पाच कादंबऱ्या आणि नाटके निवडून प्रत्येकावर एक पान लिहून ठेवावे: मुख्य संघर्ष, पात्रांमधले बदलते नाते, निर्णायक प्रसंग, शेवट आणि त्या शेवटाचा संपूर्ण कलाकृतीवर पडणारा प्रकाश. परीक्षेत पुस्तक जवळ नसते, अवतरणे पाठ असण्याची अपेक्षाही नसते. प्रसंग नेमकेपणाने आठवणे पुरते. ही पाने मुलाने स्वतः लिहावीत. विकत किंवा आंतरजालावर मिळणारे सारांश वाचून केलेली पाने परीक्षेच्या दिवशी साथ देत नाहीत, कारण त्यांतले एकही निरीक्षण मुलाचे नसते.

सहा आठवड्यांनी थांबून पाहावे. पहिला निबंध आणि ताजा निबंध शेजारी ठेवावेत. विवेचनाचा एक गुण जरी वाढला असेल तर शिक्षक योग्य आहे. काहीच हललेले नसेल तर शिक्षकांशी स्पष्ट पण आदराने बोलावे. पद्धत बदलून आणखी तीन-चार आठवडे पाहावे आणि तरीही फरक नसेल तर आभार मानून दुसरा शिक्षक शोधावा. ओळखीतून आलेल्या शिक्षकाला नको म्हणणे आपल्याकडे जड जाते, पण मे महिना संकोचासाठी थांबत नाही. उलट, निबंध सुधारले आणि मूल आपणहून प्रश्न विचारत लिहू लागले असेल, तर तास कमी करावेत. दर पंधरा दिवसांनी एक तास आणि मधल्या काळात दोन निबंध, ही व्यवस्था तयार मुलासाठी पुरेशी असते.

एप्रिलमध्ये ब्लूबुक ॲप मुलाच्या परीक्षेच्या संगणकावर घालून त्यातली नमुना परीक्षा देऊन पाहावी. मजकूर ठळक करण्याची आणि टिपा लिहिण्याची साधने हाताखालून गेली की परीक्षेच्या दिवशी त्यांत वेळ जात नाही. तीन तासांची पूर्ण सराव परीक्षा एकदा, शनिवारी सकाळी, मध्ये न उठता द्यावी, आणि तिच्यावरचा शिक्षकाबरोबरचा तास त्याच आठवड्यात ठेवावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवीन काही शिकवून घेऊ नये. शिक्षकाला फक्त एवढे सांगावे की वर्षभरातल्या निबंधांपैकी मुलाचे सर्वांत चांगले तीन परिच्छेद निवडून, ते चांगले का आहेत हे त्याला त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे.